शेतकरी गटाची साप्ताहिक टोपली आणि तीस माणसांचा सामूहिक स्वयंपाक : आठ महिन्यांचा अनुभव

ठाण्यातल्या सोसायटीत दर रविवारी तीस पानं, आणि भाजी शहापूर-मुरबाडकडच्या नैसर्गिक शेतीवाल्या गटाची. जून ते जानेवारी असं चाललं. माल उत्तम, दर बाजाराच्या सव्वा ते दीडपट. खरा खर्च मात्र निवडण्याच्या वेळेचा. पाच किलो टाकळा किंवा माठ निवडून तीन-सव्वातीन किलोच हाती येतो आणि चार जणांचा तास जातो.

गटाकडून बुधवारी येणारी टोपलीची यादी अंदाज समजावी. शनिवारी पावसाने टाकळ्याऐवजी कुर्डू (दुसरी रानभाजी) आला की ठरवलेला बेत कोसळतो. टोपली उघडल्यावरच बेत ठरवा. मूगडाळ, चणाडाळ, तांदळाचं पीठ आणि सुकं खोबरं तेवढं घरात असू द्या.

जूनच्या शेवळांना (पावसाच्या सुरुवातीची खाजरी रानभाजी) आतला पिवळा खरबरीत भाग काढावाच लागतो, हाताला तेल लावून. जुडीमागे दहा-बारा काकडं (आंबट रानफळं) ठेचून त्यांचा रस घाला. काकडं नसतील तर चिंच सढळ हाताने. आंबट कमी पडलं की घसा खाजतो आणि पुढच्या रविवारी निम्मी पानं रिकामी. फोडशी ही गवतासारख्या पात्यांची रानभाजी. तिची माती पात्यांच्या बेचक्यात बसते, म्हणून चिरण्याआधी पातं-पातं धुवायचं आणि बुडखा टाकायचा. पालेभाजीत मीठ शेवटी, पाला बसल्यावर. कढईभर पाला बघून घातलेलं मीठ हमखास जास्त होतं. पाच किलो एकाच कढईत कोंबलात तर भाजी परतत नाही, स्वतःच्या पाण्यात शिजते. दोन घाणे काढा.

तक्रार एकच, पण मोठी : पालेभाजी बंद प्लास्टिक पिशवीत येते. आत गरम होऊन फोडशी सकाळपर्यंत काळी पडते. सांगितल्यावर केळीच्या पानात येऊ लागली, तीही दोन आठवडेच. प्रमाणपत्राबद्दलही विचारून घ्या. पीजीएस-इंडिया ही शेतकरी गटांनी एकमेकांची शेतं तपासण्याची सरकारी सेंद्रिय प्रमाणपद्धत. तिचं ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ म्हणजे जमीन अजून रासायनिकातून सेंद्रियाकडे रूपांतरात आहे. रूपांतर पूर्ण झालेल्या जमिनीच्या मालावर ‘पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक’ असतं. पैसे दोन्हीचे सारखेच मागतात.

जानेवारीत याच टोपलीतल्या वालाच्या शेंगांची पोपटी (मडक्यात भाजलेल्या शेंगा) सगळ्यात सोपी पडली. निवडणं जवळजवळ नाहीच. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा (वासाची रानवनस्पती) पाला दाबून, त्यावर जाड मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, मधे बटाटे, पाण्याचा थेंबही नाही. तोंडाशी पुन्हा पाला, आणि तोही घट्ट. सैल राहिला तर मडकं पालथं करताच शेंगा राखेत. पालथ्या मडक्याभोवती पेंढा-पालापाचोळ्याचा जाळ अर्धा-पाऊण तास. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र होऊन लगेच सुकलं, की झाली. शेंगा भरलेल्याच मागवा, कोवळ्या सुकून चिपाडं होतात. भांबुर्डी मात्र यादीत नसते. ती आठवडाभर आधी वेगळी सांगून ठेवावी लागते.