पिकअपला जुनंच इंजिन बसवलं : नऊ महिन्यांनंतर

ऑक्टोबरमध्ये वाघोद्याहून केळी भरून निघालो आणि सावद्याच्या अलीकडे बोनेटमधून वाफ यायला लागली. रेडिएटरचा खालचा पाइप फाटला होता. काटा लालमध्ये गेलेला दिसत होता, तरी 'दोनच किलोमीटर राहिलं' म्हणून गाडी ओढली. हेडला (इंजिनाच्या वरच्या झाकणाला) चीर गेली ती त्या दोन किलोमीटरमध्ये. 2012 ची बोलेरो पिकअप, साधं डीआय (जुन्या पद्धतीचं डिझेल) इंजिन, 2,523 सीसी. तिचा काही दोष नाही, मूर्खपणा माझा.

इंजिन खोललं तर क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) आधीच दोनदा घासलेली निघाली, म्हणजे नवीच हवी. नवी क्रँक, लायनर-पिस्टन, हेड, वर लेथची मजुरी धरून हिशोब 85 हजारांवर गेला. म्हणून दुसरं इंजिन बघायला लागलो.

चुलतभावाचा आग्रह होता की नंतरच्या पिकअपमधलं कॉमन रेल (कॉम्प्युटरवर डिझेल सोडणारं) इंजिन टाक. "घाटात पळंल भो!" पळालंही असतं. पण त्या इंजिनासोबत ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), सगळं वायरिंग, सेन्सर, ॲक्सिलरेटरचं पेडल, सगळंच आलं. माझ्या गाडीत डिझेलचा पंप मेकॅनिकल, कॉम्प्युटर नाही. केळीच्या बागेत चिखलात बंद पडली, तर पाना आणि डिझेलची बाटली घेऊन माझा मिस्त्री बांधावर येतो. स्कॅनरवाला कोण आणणार? मी त्याच मॉडेलचं, त्याच पंपाचं सेकंडहँड इंजिन शोधलं. 58 हजारांना मिळालं.

ते घेताना एक गोष्ट बरी केली. भंगारवाल्याकडे पोचलो तेव्हा इंजिन स्टँडवर चालूच होतं, आवाज अगदी गोड. मिस्त्रीने ब्लॉकला हात लावला आणि मला बाजूला घेतलं : "तापवून ठेवलंय, गरम इंजिनात दोष लपतो. उद्या सकाळी येऊ, तोवर हात लावू नको म्हणा." सकाळी थंड इंजिन तिसऱ्या सेल्फला उठलं, थोडा पांढरा धूर सोडला आणि मिनिटभरात साफ झालं. ऑइलचं झाकण काढून वर तळहात धरला. हलका वारा लागला, धूर नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक. ऑइलमध्ये दुधासारखी साय नव्हती, म्हणजे पाणी मिसळलेलं नव्हतं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) जवळपास सारखं भरलं. मग पैसे दिले.

आणि एक गोष्ट वाईट केली. गिअरबॉक्स खाली असताना मिस्त्री म्हणाला होता, मागचं ऑइल सील नवं टाकून घ्या. सील म्हणजे काहीशे रुपयांचं काम, पण मी तोवर पैसे मोजून दमलो होतो. क्लचप्लेट टाकली, सील राहू दिलं. डिसेंबरात बेल हाउसिंगमधून (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरच्या खोक्यातून) ऑइलचे थेंब पडायला लागले. पुन्हा गिअरबॉक्स उतरवला, पुन्हा मजुरी, दोन दिवस भाडं बुडालं. कुणी इंजिन बदलत असेल तर सील, फाउंडेशनचे (इंजिन ज्यावर बसतं ते) रबर आणि पाण्याचे सगळे पाइप त्याच वेळी टाका, मिस्त्रीशी वाद घालू नका.

कागदाचं काम मी आधी आरटीओची परवानगी घेऊनच केलं, तरी रखडलं, कारण भंगारवाल्याच्या बिलावर इंजिन नंबरातल्या 3 चा 8 झाला होता. बिल हातात आल्याबरोबर ब्लॉकवरच्या नंबराशी ताडून बघा. आठ वर्षांवरच्या मालगाडीला दरवर्षी पासिंग असतं, तिथे हा आकडा लपत नाही. आरसीवर नंबर चढला की विमा कंपनीलाही कळवा.

आतापर्यंत 19 हजार किलोमीटर झाले. आधी लिटरला नऊ-साडेनऊ पडायचं, आता बारापर्यंत जातं. दोन ऑइल बदलांमध्ये जेमतेम पाऊण लिटर वरून घालावं लागतं. गाडीचं आधीचं इंजिन तर ऑइल पीतच होतं. ताकद वाढलेली नाही. अजिंठ्याच्या घाटात भरलेली गाडी अजून दुसऱ्या-तिसऱ्यातच रांगते आणि मागून चुलतभाऊ हॉर्न मारत राहतो.

मला धास्ती होती मे महिन्याची. आमच्याकडे बरेच जण थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकतात, 'गाडी थंड राहते' म्हणून. मी उलट नवा बसवला, रेडिएटर खोलून साफ केला आणि बोअरचं पाणी बंद करून कूलंट घातलं. जुन्या रेडिएटरच्या नळ्यांत क्षाराचा असा थर होता की काडी आत जाईना. यंदा दुपारच्या 45 अंशांत भुसावळपर्यंत भरून गेलो, काटा निम्म्यावरच. आता तो काटा मी जरा जास्तच बघतो, बायको हसते.

सकाळी पहिल्या सेल्फला अजूनही थोडा पांढरा धूर येतो. मिस्त्री म्हणतो नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी) तपासून घेऊ. केळीची कापणी जरा ओसरली की पंप आणि नोझल दोन्ही काढून देणार आहे.