केंटकीच्या सरहद्दीवरचा पूर्वज: आधी कोणता कागद उघडायचा?

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा प्रश्न आता वरचेवर येतो. सून किंवा जावई तिथल्या जुन्या घराण्यातले असतात. नातवंडांसाठी वंशावळ मांडायला घेतली की आपली बाजू आत्या-मामांना फोन करून भरता येते, पण दुसरी बाजू ‘१७८०च्या सुमारास व्हर्जिनियाहून केंटकीला आले’ या एका वाक्यावर अडते. तिथून मागे जायला वाटा बऱ्याच आहेत. सगळ्या एकदम धरायला वेळ पुरत नाही आणि काहींना पैसेही पडतात. म्हणून केंटकी, म्हणजे तेव्हाच्या वस्तीची पश्चिमेकडची सरहद्द, समोर ठेवून, कोणता कागद किती कामाचा ते इथे ताडून पाहिलं आहे. टेनेसीला यातलं बरंचसं लागू पडेल, ओहायोला कमी.

जनगणना की करयाद्या?

बहुतेक जण जनगणनेपासून सुरुवात करतात, आणि या काळासाठी ती सगळ्यात लंगडी वाट आहे. पहिली राष्ट्रीय जनगणना १७९०ची. केंटकीच्या १७९० आणि १८०० या दोन्हींची पानं आज उपलब्ध नाहीत. पुढे १८४०पर्यंत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बायको-मुलं वयोगटांच्या रकान्यात नुसते आकडे म्हणून उभी. प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय आणि जन्माचं राज्य लिहायला सुरुवात झाली १८५०ला, आणि कुटुंबप्रमुखाशी नातं लिहायला १८८०ला. म्हणजे १८१५ साली वारलेला माणूस तुम्हाला फार तर एकदा, १८१०ला, नुसत्या नावाने भेटणार.

करयाद्या दिसायला रुक्ष, पण त्या दरवर्षी होत. १ जून १७९२ रोजी वेगळं राज्य होईपर्यंत केंटकी व्हर्जिनियातच होतं, आणि व्हर्जिनियाच्या वैयक्तिक मालमत्तेच्या करयाद्या १७८२पासून मिळतात. वर्षामागून वर्ष लावून वाचल्या की घर हलताना दिसतं. अमुक साली नाव पहिल्यांदा आलं. काही वर्षांनी त्याच आडनावाचा एक तरुण स्वतःच्या नावावर दिसू लागला, म्हणजे बहुधा मुलगा एकवीस वर्षांचा झाला. मग एका वर्षी पुरुषाचं नाव जाऊन तिथे बाईचं आलं, म्हणजे तो गेला. केंटकीच्या याद्यांत जमिनीचे एकर, जवळच्या ओढ्याचं नाव आणि ती मुळात कोणाच्या नावे नोंदली व मोजली गेली तेही लिहिलेलं असतं. त्या शेवटच्या रकान्यासाठीच मी करयाद्या जनगणनेच्या वर ठेवते.

जमिनीचे कागद

खरा माल इथे आहे. व्हर्जिनियाने १७७९ साली कायदा केला: १ जानेवारी १७७८च्या आधी येऊन वस्ती केलेल्याला ४०० एकर, आणि त्याला लागून आणखी १००० एकर घेण्याचा पहिला हक्क. हा हक्क ठरवायला आयोग बसला आणि त्याने दाखले दिले. कित्येक दाखल्यांत ‘१७७६ साली मक्याचं पीक काढलं’ अशी नोंद असते, म्हणजे माणूस तिथे कधी होता याचा जवळजवळ थेट पुरावा. पुढे सनद हाती पडेपर्यंत चार टप्पे: वॉरंट (इतके एकर घेण्याचं हक्कपत्र), नोंद (कोणता तुकडा हवा ते), मोजणी, सनद (मालकीचा शेवटचा कागद). प्रत्येकाची तारीख वेगळी, आणि मध्येच हक्क दुसऱ्याला विकता यायचा. त्यामुळे सनदेवर पूर्वजाचं नाव नाही म्हणून निराश होऊ नका. मोजणीच्या कागदावर साखळी धरणाऱ्यांची नावं असतात. ती पुष्कळदा भावाची, मेव्हण्याची, शेजाऱ्याची निघतात. ही नावं वेगळ्या वहीत उतरवा, पुढे त्यांच्याच मागावरून जावं लागतं.

मोजणी होती ओबडधोबड. चतुःसीमा म्हणजे अमक्या ओढ्याच्या काठचा पांढरा ओक, तिथून इतकं अंतर, मग दोन मेपल. दोन-तीन जणांचे दावे एकाच तुकड्यावर चढलेले असत. केंटकीत वाट पाडणारा प्रसिद्ध वसाहतकार, खुद्द डॅनियल बून, यानेही असल्याच घोळात केंटकीतल्या जमिनी गमावल्या आणि १७९९ साली तो मिसुरीकडे निघून गेला. वंश शोधणाऱ्याच्या मात्र हे पथ्यावर पडतं, कारण घोळ झाला की खटला उभा राहतो आणि खटल्यात जुनी माणसं शपथेवर सांगतात की अमक्या वर्षी आम्ही कोणाबरोबर आलो, कुठे तळ दिला, झाडावर खूण कोणी केली. ओहायोत १७८५च्या कायद्याप्रमाणे बहुतेक जमीन आधी चौकोनांत आखली: सहा मैलांचा चौरस, त्यात ६४० एकरांचे ३६ तुकडे. तिथली सनद केंद्र सरकारच्या भूमी विभागाच्या संकेतस्थळावर चटकन आणि फुकट मिळते, पण त्यातून माणसाबद्दल फारसं काही कळत नाही. केंटकीच्या सनदा त्या संकेतस्थळावर शोधू नका, तिथे त्या नसतात. त्या राज्याच्या भूमी कार्यालयात आहेत, आणि त्यांचीही चित्रं ऑनलाइन फुकट पाहता येतात.

खरेदीखतं याच्या पुढची पायरी. आपल्याकडे फेरफार पाहिला की बाप गेल्यावर कोण कोण वारस लागले ते कळतं. तिथे तेच काम वारसांनी मिळून केलेल्या विक्रीच्या खतावरून होतं. लग्न झालेल्या मुली नवऱ्याच्या नावासकट सापडण्याची ही बहुधा सर्वात खात्रीची जागा. खत शोधायचं काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) दप्तरात, आणि काउंट्या मात्र फुटत राहिल्या. १७७६च्या अखेरीस सगळी एकच ‘केंटकी काउंटी’ होती. १७८०ला तिच्या फेएट, जेफरसन, लिंकन अशा तीन झाल्या आणि पुढे त्यांच्याही अनेक. घर जागेवरच, पण कागद चार दप्तरांत पसरलेले. त्या वर्षीचा काउंट्यांचा नकाशा शेजारी ठेवल्याशिवाय यात हात घालू नये.

पेन्शनची फाइल: मिळाली तर सोनं

क्रांतियुद्धातल्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या, सैनिकांच्या पेन्शनच्या साधारण ८०,००० फाइली राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. १८३२च्या कायद्याने किमान सहा महिने सेवा केलेल्या मिलिशियातल्या (गावोगावच्या नागरिकांच्या फौजेतल्या) माणसांनाही पेन्शन मिळू लागली. त्यासाठी म्हातारा न्यायालयात उभा राहून सांगे: जन्म कुठे, कधी, भरती झालो तेव्हा कुठे राहत होतो, त्यानंतर कुठे कुठे राहिलो. एवढं सलग चरित्र दुसऱ्या कोणत्याच कागदात मिळत नाही. विधवेच्या फाइलीत लग्नाचा पुरावा असतो, कधी कधी घरातल्या बायबलमधून फाडून पाठवलेलं जन्मनोंदींचं पानसुद्धा.

अडचण एवढीच, की त्यासाठी माणूस, निदान त्याची बायको, तोवर जगायला हवी होती. बरेच आधीच गेले. शिवाय पन्नास वर्षांनी सांगितलेल्या तारखा; एक-दोन वर्षं इकडेतिकडे धरूनच चालावं. तरी ही तपासणी सर्वात आधी करावी, कारण ती एका बैठकीत होते. फाइल नसली तरी तो लढला नव्हता असं त्यावरून ठरत नाही.

डीएनए

जाहिराती पाहून लोक इथेच पहिले शंभरेक डॉलर टाकतात. १७५०ला जन्मलेला पूर्वज आजच्या चाळिशीतल्या माणसापासून सात-आठ पिढ्या दूर असतो. सातव्या पिढीवर आपल्या डीएनएत त्याचा वाटा सरासरी एक टक्क्याहूनही कमी (१२८ भागांत एक), आणि काहींकडून काहीच आलेलं नसतं. त्यात सरहद्दीवरची घराणी पिढ्यानपिढ्या आपापसांतच सोयरिक करत. त्यामुळे जुळणी दिसली तरी ती नेमक्या कोणत्या वाटेने आली ते सांगणं कठीण. वाय गुणसूत्राची चाचणी वेगळी. ते गुणसूत्र बापाकडून मुलाकडे सरळ जातं, त्यामुळे एकाच आडनावाची दोन घराणी खरोखर एक आहेत का, याला ती चांगलं उत्तर देते. त्या आडनावाचा जावई असला तर तोच चालेल. सुनेच्या बाजूसाठी तिचे वडील किंवा भाऊ लागतील. पण आधी कागदावर प्रश्न तयार हवा. आणि ट्वेंटीथ्री-अँड-मी ही डीएनए चाचणीची कंपनी मार्च २०२५मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा आपला डीएनए कोणाच्या हाती देतो आहोत याचा विचार घरात सगळ्यांनी मिळून करावा.

तयार वंशवृक्ष आणि संकेतस्थळांचा खर्च

दुसऱ्यांनी चढवलेले वंशवृक्ष नुसती दिशा म्हणून पाहावेत. तीन ‘जॉन’ एकात मिसळलेले असणं नेहमीचं. त्या काळी ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ बाप-लेकच असतील असं नाही. काका-पुतणे असत, कधी नात्यात नसलेले थोरला-धाकटा शेजारीसुद्धा.

फॅमिलीसर्च हे वंशावळीचं संकेतस्थळ फुकट आहे आणि २०२४पासून तिथे हस्तलिखित खतं, मृत्युपत्रं शब्द टाकून शोधता येऊ लागली. केंटकीसाठी मी तरी आधी तेच धरेन. साखळीवाल्यांची ती वही इथे कामी येते, कारण पूर्वजाच्या नावाने न सापडलेला कागद शेजाऱ्याच्या नावाने सापडतो. अँसेस्ट्री या सशुल्क संकेतस्थळाचे पैसे भरण्याआधी जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात विचारा. अनेक ठिकाणी तिथे बसून ते फुकट वापरता येतं.

नावा-तारखांपलीकडे तिथलं जगणं हवं असेल, तर एकोणिसाव्या शतकातले इतिहास-संग्राहक लायमन ड्रेपर यांचा हस्तलिखित संग्रह विस्कॉन्सिनच्या इतिहास संस्थेत आहे. जॉन शेन या पाद्र्याने केंटकीतल्या म्हाताऱ्या वसाहतकारांच्या घेतलेल्या मुलाखती त्यातच आहेत.

आणि करयादीतला गुलामांच्या संख्येचा रकाना ओलांडून पुढे जाऊ नका. मृत्युपत्रात गाई, पलंग आणि माणसं एकाच यादीत येतात, माणसांचं फक्त पहिलं नाव. ती नावंही वहीत उतरवून घ्या. त्यांच्या वंशजांना १८७०च्या, म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्या सगळ्यांची नावं लिहिलेल्या पहिल्या जनगणनेच्या, मागे जाताना बहुतेकदा हाच कागद लागतो, आणि तो तुमच्यासमोर उघडलेला असतो.