भोगीच्या रात्री ऊसतोड टोळी गेली, मुकादमाकडं ७,५६,२९० अडकले

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर मालकांनो, यंदाच्या उचली, म्हणजे तोडणी मजुरांना हंगामाआधी द्यायचे आगाऊ पैसे, वाटायला सुरुवात झालीय. मजुरांची टोळी बांधणारा मुकादम दारात यायच्या आत हे वाचा. मी हे लिहावं असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. बायको म्हणाली, गेले ते गेले, आता चारचौघांत आणखी शोभा कशाला. पण गप्प बसलो तर तोच माणूस उद्या तुमच्या ओसरीवर येऊन बसेल.

टोळी कशी पळते, उचल कशी बुडवतात, हे तुम्हाला सांगायला नको. मलाही माहीत होतं. कळंब तालुक्यात सहा हंगाम ट्रॅक्टर चालवलाय, तीन मुकादम सांभाळलेत, एकाची बाकी पुढच्या साली फिटवून घेतलीय. मी नवखा नाही.

२०२४ च्या जूनमध्ये सौदा ठरला. नऊ कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या नऊ जोड्या, कोयत्याला १,१०,००० प्रमाणे ९,९०,०००. त्यातले ६,००,००० कारखान्यानं माझ्या नावावर दिले, २,००,००० बायकोचं सोनं ठेवून उचलले, १,९०,००० मेव्हण्याकडून आणले. मुकादमाला पहिले ३,००,००० आरटीजीएसनं दिले, तेही त्याच्या सांगण्यावरून पुतण्याच्या खात्यावर. हे अजिबात करू नका. पैसे मुकादमाच्याच खात्यावर जाऊ द्या, नाहीतर पुढं जो तो म्हणतो, पैसे त्यानं घेतलेच कुठं? कराराच्या बॉन्डची नोटरी केली त्या दिवशी ४,५०,००० रोख दिले. "मालक, मजुराला नोटा दिसल्याशिवाय तो अंगठा देत नाही," असं त्याचं म्हणणं, आणि आमच्याकडं सगळे असंच देतात.

शेवटचे २,४०,००० द्यायला पोळ्याच्या आधी धारूरकडच्या डोंगरात त्याच्या वस्तीवर गेलो. एका म्हातारीनं पाणी दिलं. मी कोण, कशाला आलो, ते ऐकून म्हणाली, "आमची उचल तर झाली की बाबा. त्या पंढरपूरकडच्या मालकाची."

मुकादम मागंच उभा होता. म्हणाला, "मावशीला गेल्या सालचं आठवतंय, मालक. चला, चहा घेऊ."

आणि मी चहा घेतला. पैशाची पिशवी मांडीवर होती. ती बाई खोटं कशाला बोलेल, तिला त्यात काय मिळणार, एवढा विचार मला करता आला नाही. तिच्या लेकाला बाजूला घेऊन विचारायचं होतं, तुझी उचल किती आणि कुणाची? दोन मिनिटांचं काम होतं. आजही रात्री जाग आली की ती ओसरी डोळ्यासमोर येते. पण त्या वेळी माझ्या जागी दुसरा कोण उठून आला असता? आधीचे साडेसात लाख त्याच्याकडं गेले होते. कारखान्याच्या शेतकी ऑफिसमधून टोळीच्या यादीसाठी रोज फोन येत होता. उरलेले दिले नाहीत तर टोळी दुसरीकडं जाईल, ही धास्ती होती. दिले.

वस्तीवर जरूर जा. पण मुकादमाला सोबत नेऊ नका. प्रत्येक कोयत्याला, बायकांनासुद्धा, वेगवेगळं गाठून विचारा.

विधानसभेचं मतदान झालं आणि २२ नोव्हेंबरपासून तोड सुरू झाली. नवाच्या जागी सातच कोयते आले. एका घरी बाळंतपण आहे, दुसऱ्याकडं आजारपण आहे, आठ दिवसांत येतील म्हणाला. ते दोन कोयते शेवटपर्यंत आले नाहीत. १३ जानेवारीला, भोगीच्या रात्री, बाकीचे सातही गेले. सकाळी गेलो तर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, मोकळ्या होत्या आणि चुलीतली राख अजून कोमट होती. ट्रॉली अर्धी भरून फडात उभी. पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, अजून बराच अवकाश होता.

हिशोब सांगतो. उचल ९,९०,००० आणि आठवड्याची खर्ची ४६,५००, मिळून १०,३६,५००. ६३८ टनाची तोडणी आणि कमिशन धरून २,८०,२१० फिटले. बाकी ७,५६,२९०. मजूर आणायचं टेम्पोभाडं २१,००० वेगळं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, मुकादमाचं कमिशन २० टक्के झालं. म्हणजे पोटाला पुरत नव्हतं म्हणून पळाला, असंही नाही.

पुढं एका मजुराचा फोन लागला. त्याच्या हातात ७०,००० च पडले होते. बॉन्डवर मात्र १,१०,०००. दुसऱ्या मालकाची उचल अंगावर आहे म्हणून मुकादमानंच त्यांना रातोरात तिकडं हलवलं होतं. त्या लेकरंबाळं घेऊन फिरणाऱ्या माणसांवर माझा राग नाही. त्यांनाही त्यानंच विकलं.

आता पोलिसांचं ऐका. आमच्या ठाण्यात सांगितलं, शेवटचे पैसे तिकडं दिलेत, तिकडं जा. तिकडं गेलो तर म्हणे, बॉन्ड तुमच्याकडं झालाय, तिथंच तक्रार द्या. असे अकरा हेलपाटे झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावी लागते. मी वकिलाकडून ते कलम लिहून नेलं. साहेबांनी कागद न वाचताच परत केला आणि म्हणाले, "ही दिवाणी बाब आहे. एवढी रोख दिलीच कशाला?" एकाच टोळीवर दोन मालकांचे पैसे घेतले, दोन कोयते जन्मालाच आलेले नाहीत, ही दिवाणी बाब? गरिबाच्या पोरानं दोन हजारांचा मोबाईल उचलला तर रात्री घरातून नेतात! कारखान्यात गेलो तर म्हणाले, तुमचा करार मुकादमाशी, आमचा तुमच्याशी. आणि माझ्या वाहतुकीच्या बिलातून कपात सुरू केली. कामगार कार्यालयानं दारातूनच सांगितलं, हे आमच्याकडं येत नाही. मजूर ऊसतोड कामगार महामंडळामार्फतच द्यावेत ही वाहतूकदारांची मागणी किती जुनी आहे! मग आम्ही जायचं कुणाकडं?

ठाण्यात तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा, पोच जपून ठेवा, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडं जाता येतं. मी तेच केलंय.

मुकादमाकडून चेक घेतला असेल तर तीन महिन्यांच्या आत बँकेत टाका. परत आला की ३० दिवसांत वकिलाची नोटीस गेलीच पाहिजे, नाहीतर चेक न वटल्याची, कलम १३८ ची केस बसत नाही. माझा चेक 'खाते बंद' शेरा मारून परत आला. नोटीस एकोणतिसाव्या दिवशी गेली, थोडक्यात वाचलो.

आणि रागाच्या भरात मुकादमाला गाडीत घालून आणू नका. माझ्याही मनात आलं होतं, दोघं मित्र तयारही होते. मेव्हण्यानं चावी काढून घेतली. डांबून ठेवलं की तुमची फसवणूक राहते बाजूला आणि अपहरणाच्या गुन्ह्यात तुम्हीच आत जाता. मजुरांना बळजबरीनं फडावर आणाल तर १९७६ चा वेठबिगारीविरुद्धचा कायदा आहे.

तो यंदा पुन्हा टोळी बांधतोय. केज भागात दोघांशी बोलणी झाल्याचं कानावर आलंय. यादी तीच, नऊ कोयत्यांची. त्या भागातल्या कुणाकडं अशी यादी आली असेल तर पैसे द्यायच्या आधी माझ्या बॉन्डची आणि यादीची झेरॉक्स बघून जा. नावं पडताळून घ्या. त्यातली दोन माणसं मला आजवर कुठंच सापडलेली नाहीत.