नवा डीसी एनएफएलचा हवा की कॉलेजात मुरलेला?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये हेड कोचनं डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला, म्हणजे बचाव सांभाळणाऱ्या डीसीला, नारळ दिला की दुसऱ्या दिवसापासून चाहत्यांचे दोन तट पडतात. एकांना एनएफएलमधून, व्यावसायिक फुटबॉलमधून, आलेला माणूस हवा असतो. दुसरे म्हणतात, कॉलेजच्या पोरांना शिकवण्यात ज्याची हयात गेली तोच बरा. मुलं ओहायो स्टेटला नाहीतर मिशिगनला शिकायला गेली म्हणून शनिवारी दुपारी टीव्हीसमोर बसायला लागलेले आपल्यातले बरेच जण या वादात ओढले जातात आणि मग विचारतात, नक्की कोणाच्या बाजूनं बोलायचं? माझं मत आधीच सांगून टाकतो. यंदाचाच नोव्हेंबर जिंकायचा असेल तर एनएफएलवाला, आणि दोन वर्षं कळ काढायची तयारी असेल तर कॉलेजवाला. मात्र ‘एनएफएलवाला’ कोणाला म्हणायचं यात गोम आहे, त्यावर पुढे येतो.

उदाहरणं याच दोन विद्यापीठांची घेतो. गेल्या दहा वर्षांत दोघांनीही दोन्ही जातीचे डीसी वापरून पाहिले, आणि नोव्हेंबरअखेर एकमेकांशी खेळताना दोघांच्याही बचावाचा कस लागतो.

कॉलेजवाले: ब्राउन आणि नोल्स

डॉन ब्राउनचा बोस्टन कॉलेजचा बचाव २०१५ मध्ये समोरच्याला किती यार्ड पुढे सरकू दिलं या हिशेबात देशात पहिला होता. संघ जिंकला किती? तीन सामने. डीसी कितीही भारी असला तरी गुण दुसऱ्यांनाच करावे लागतात. त्या बचावावर भाळून मिशिगननं त्याला बोलावलं. टोपणनाव ‘डॉक्टर ब्लिट्झ’. प्रत्येक रिसीव्हरमागे, म्हणजे पास झेलणाऱ्यामागे, एकेक माणूस लावायचा आणि उरलेले सगळे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या अंगावर सोडायचे. तीन स्लिप आणि गली लावून फास्ट बोलिंग टाकावी तसा हा प्रकार: विकेट तरी पडते, नाहीतर थर्ड मॅनला चौकार जातो. दुबळ्या संघांविरुद्ध विकेटच पडायच्या. २०१८ च्या नोव्हेंबरात ओहायो स्टेटनं आपले रिसीव्हर मैदानात आडवे, एकमेकांना कात्री मारत पळवले. मागे धावणारा बचावपटू त्या गर्दीत अडकायचा आणि रिसीव्हर मोकळा सुटायचा. त्यांचा क्वार्टरबॅक ड्वेन हॅस्किन्सनं ३९६ यार्डांचे पास आणि ६ टचडाउन (चेंडू गोल लाइनपलीकडे नेला की मिळणारे गुण) फेकले, ओहायो स्टेट ६२-३९. पुढच्या वर्षी मिशिगनच्याच घरी, ॲन आर्बरमध्ये, ५६-२७. २०२० च्या हंगामानंतर ब्राउनची गच्छंती झाली. माझ्या मते हरण्यापेक्षा त्याच पद्धतीनं दोनदा हरणं त्याला भोवलं.

जिम नोल्सला मात्र मी वेगळ्या रांगेत बसवतो. कॉर्नेल, ड्यूक, ओक्लाहोमा स्टेट असा प्रवास करून तो २०२२ मध्ये ओहायो स्टेटला आला. ४-२-५ ची मांडणी, म्हणजे पुढे चार लाइनमन, मध्ये दोन लाइनबॅकर आणि मागे पाच जण; त्यात अर्धा लाइनमन आणि अर्धा लाइनबॅकर असलेली ‘जॅक’ नावाची जागा. पहिल्याच नोव्हेंबरात घरच्या मैदानावर मध्यंतराला २०-१७ अशी आघाडी होती, आणि सामना संपला तेव्हा मिशिगन ४५-२३. मिशिगनच्या सहापैकी पाच टचडाउन किती लांबून आले बघा: ६९, ७५, ४५, ७५, ८५ यार्ड. माणसं पुढे लोटली की मागे कोणीच उरत नव्हतं. चाहत्यांनी नोल्सला पार धुवून काढलं.

त्यानं केलं काय, तर हट्ट सोडला. २०२३ मध्ये मागची माणसं मागेच ठेवली, आणि सामन्यागणिक दिलेले गुण ११.२ वर आले. मिशिगनशी तरीही ३०-२४ हरलेच. २०२४ च्या ऑक्टोबरात ओरेगनकडून ३२-३१ असा पराभव झाल्यावर त्यानं पुन्हा मांडणी हलवली. नोव्हेंबरात मिशिगननं परत हरवलं, १३-१०, पण त्या दिवशी घसरला तो ओहायो स्टेटचा आक्रमण विभाग.

मग १० जानेवारी २०२५, प्लेऑफची उपांत्य फेरी, टेक्ससविरुद्ध. ओहायो स्टेट २१-१४ पुढे, शेवटची काही मिनिटं, आणि टेक्ससला चारपैकी पहिला डाउन, म्हणजे प्रयत्न, गोल लाइनपासून एका यार्डावर. पहिल्या प्रयत्नात काहीच मिळालं नाही. दुसऱ्यात टेक्ससनं चेंडू बाजूला फेकून कडेनं जायचा प्रयत्न केला, तर सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा बचावपटू, केलेब डाउन्सनं सात यार्ड मागे पाडलं. तिसरा पास वाया. चौथ्या डाउनला आठ यार्डांवरून टेक्ससचा क्वार्टरबॅक क्विन यूअर्स पास द्यायला मागे सरकला. डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे लाइनच्या टोकाचा बचावपटू, जॅक सॉयरनं त्याच्या हातातून चेंडू उडवला, तोच उचलला आणि ८३ यार्ड पळत टचडाउन केला. (यूअर्स पूर्वी ओहायो स्टेटला होता आणि हे दोघं रूममेट होते, हा भाग वेगळाच.) दहा दिवसांनी नोट्र डेमला ३४-२३ हरवून राष्ट्रीय विजेतेपद. नोल्सकडून चाहत्यांनी पहिल्या वर्षी जी आशा ठेवली होती ती तिसऱ्या वर्षी पुरी झाली. ओक्लाहोमा स्टेटलाही त्याचं असंच झालं होतं: २०१८ रडतखडत, २०२१ मध्ये देशातल्या अव्वल बचावांपैकी एक.

म्हणून पेन स्टेटनं लगेच त्याला वर्षाला ३० लाख डॉलरहून जास्त देऊन पळवलं, तेव्हा मला जरा धाकधूक वाटली. पगार तिसऱ्या वर्षाचा, वर्ष मात्र पहिलंच. ४ ऑक्टोबर २०२५ ला तोपर्यंत एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएनं पेन स्टेटवर ४२ गुण केले आणि सामना जिंकला. आठवडाभरानं हेड कोच जेम्स फ्रँकलिनची नोकरी गेली.

एनएफएलवाले: पहिल्याच वर्षी फळ, पण

२०१८ मध्ये ओहायो स्टेटचा बचाव सामन्याला सरासरी २५ हून जास्त गुण देत होता. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सकडून जेफ हाफली आला आणि २०१९ मध्ये ही सरासरी १४ च्या आत आली. हंगाम संपताच तो बोस्टन कॉलेजचा हेड कोच होऊन गेला. २०२१ मध्ये मिशिगननं बाल्टिमोर रेव्हन्सच्या लाइनबॅकर कोचला, ३३ वर्षांच्या माइक मॅकडोनल्डला आणलं. त्या नोव्हेंबरात एडन हचिन्सनचे ३ सॅक (क्वार्टरबॅकला पास फेकण्याआधीच पाडणं) आणि ओहायो स्टेटवर ४२-२७ असा विजय. मॅकडोनल्डही एका वर्षात रेव्हन्सकडे परतला.

यांचं हत्यार एकच, बुरखा. सहा माणसं पुढे उभी करायची आणि चौघांनाच सोडायचं, कोणते चौघे ते चेंडू हलल्यावरच कळतं. वीस वर्षांचा क्वार्टरबॅक चुकीच्या जागी बघतो आणि तेवढ्यात खेळ संपतो.

अडचण मैदानात आणि नियमांत आहे. एनएफएलमध्ये हॅश मार्कच्या, म्हणजे ज्यांच्या दरम्यान चेंडू ठेवून खेळ सुरू होतो त्या खुणांच्या, दोन रांगांत १८ फूट ६ इंच अंतर असतं, कॉलेजात ४० फूट. चेंडू एका हॅशवर असला की दुसऱ्या बाजूला तब्बल १०० फूट रुंदी राखायची. शिवाय कॉलेजात पास होताना आक्रमण करणाऱ्या संघाचे लाइनमन ३ यार्ड पुढे जाऊ शकतात, एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे धाव की पास हे लाइनबॅकरला शेवटपर्यंत उमगत नाही. हंगामात सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा, त्यात विद्यार्थ्यांना हे सगळं शिकवायचं. एक सोय मात्र झाली आहे. २०२४ पासून बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कोचच्या सूचना ऐकायला रेडिओ असतो, चेंडू खेळात आणायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद. एनएफएलवाल्यांना ही सवय आधीपासून आहे.

आता ती गोम. केरी कूम्ब्स २०२० मध्ये टेनेसी टायटन्सकडून ओहायो स्टेटला आला म्हणून त्याला एनएफएलवाला म्हणत. खरं तर त्याआधी सहा हंगाम तो ओहायो स्टेटलाच होता, मध्ये दोनच हंगाम बाहेर. अलाबामाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांचा रिसीव्हर डेव्हॉन्टा स्मिथनं पहिल्या हाफमध्येच २१५ यार्ड आणि ३ टचडाउन घेतले, तेही कधी कधी लाइनबॅकरच्या पहाऱ्यात! २०२१ मध्ये ओरेगनकडून घरी हरल्यावर प्ले, म्हणजे प्रत्येक वेळचा डाव, ठरवण्याचं काम त्याच्याकडून काढून घेतलं गेलं. तेव्हा बायोडेटावर एनएफएलचा शिक्का आहे एवढ्यावर भुलू नका, नवी पद्धत घेऊन येतोय का ते बघा.

मॅट पॅट्रिशियाच्या वेळी उलटं झालं. एनएफएलच्या पेट्रियट्सचा डीसी म्हणून नाव, पण डेट्रॉइट लायन्सचा हेड कोच म्हणून १३ विजय आणि २९ पराभव. २०२५ मध्ये तो ओहायो स्टेटला आला तेव्हा विजेत्या बचावातले आठ जण गेलेले. चाहते नाकं मुरडत होते. पहिल्याच सामन्यात टेक्ससला १४-७, नोव्हेंबरात मिशिगनला २७-९ हरवलं आणि मिशिगनविरुद्धची चार वर्षांची हार संपली. हंगामभर सामन्याला सरासरी दहाहून कमी गुण दिले. पुढे इंडियानाकडून १३-१० आणि मायामीकडून २४-१४ हरले, त्याचं खापर त्याच्यावर फोडणं मला पटत नाही. बोस्टन कॉलेजचा किस्सा पुन्हा.

मग ठरवायचं कसं?

मला निवड दिली तर मी जेसी मिंटरसारखा माणूस मागेन. रेव्हन्समध्ये शिकलेला, व्हँडरबिल्टला कॉलेजचा डीसी झालेला, आणि मॅकडोनल्डच्याच पद्धतीवर २०२२ मध्ये मिशिगनला आलेला. खेळाडूंना नव्यानं काही पाठ करावं लागलं नाही. २०२३ मध्ये १५ पैकी १५ सामने जिंकले, सरासरी दिलेले गुण १०.४. पण असा माणूस मोकळा सापडणं कठीण, आणि रेव्हन्सचं नाव हीही हमी नाही. त्यांचा जुना डीसी विंक मार्टिनडेल २०२४ मध्ये मिशिगनला आला. त्यानं ओहायो स्टेटच्या घरी, कोलंबसमध्ये, १३-१० चा विजय दिला, पण त्याच वर्षी टेक्ससनं घरी येऊन ३१ गुण केले.

तुमच्या संघात अनुभवी सेफ्टी आणि चौथ्या वर्षाचे लाइनमन असतील तर एनएफएलवाल्याची बाजू घ्या, आणि तो पुढच्या वर्षी निघून जाईल हे गृहीत धरा. बचाव कोवळा असेल तर कॉलेजवाला घ्या, पण पहिल्या नोव्हेंबरात त्याला शिव्या घालू नका. तो हरल्यावर काय बदलतो तेवढं बघा, नोल्स बदलला, ब्राउन नाही. सप्टेंबरात पैसे देऊन बोलावलेल्या लहान संघांविरुद्धचे आकडे सोडून द्या. ४० यार्डांहून लांबचे किती प्ले गेले ते मोजा, आणि ऑक्टोबरात ते कमी होत नसतील तर खुशाल आरडाओरडा करा.