तिकिटापेक्षा आजूबाजूचा खर्च मोठा: बुकिंग अ‍ॅप्स बरेच महिने वापरल्यानंतर

गेले बरेच महिने कामासाठी आणि घरच्यांसाठी माझा प्रवास सतत चालू आहे. तिकीट, हॉटेल आणि विमानतळाची गाडी हे तिन्ही मीच बुक करते. भाव ताडून दाखवणाऱ्या साइट्स, हॉटेलांची अ‍ॅप्स, टॅक्सीची अ‍ॅप्स, विमान कंपन्यांची स्वतःची अ‍ॅप्स, सगळं आलटून पालटून वापरून झालं. त्यावरून माझं ठाम मत असं झालं आहे की खरी बचत तिकिटात कमी आणि तिकिटाच्या आजूबाजूला जास्त होते. विमानतळापासून मुक्कामापर्यंतची गाडी, बॅगेचं शुल्क, बुकिंग रद्द करण्याची अट, कार्डावर कुठल्या चलनात पैसे कापले गेले, या चार ठिकाणी पैसा गळतो. म्हणून घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा एकच आकडा काढल्याशिवाय मी आता पैसे भरत नाही.

गाडीपासून सुरुवात करते, कारण लोक तिचा विचार सगळ्यात शेवटी करतात. स्वस्त तिकीट दिसलं की आधी विमानतळाचं नाव नीट वाचायचं. फ्रँकफर्ट-हान हा विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हे जवळपास ८५ किलोमीटरवर. टोकियोचा नारिता शहराच्या मध्यापासून साधारण ६० किलोमीटर, तर हानेदा अगदी शहराला लागून. तिकिटातला फरक पुढच्या बसमध्ये किंवा टॅक्सीत सहज उडून जातो. उतरण्याची वेळही तितकीच महत्त्वाची. शेवटची गाडी निघून गेल्यावर पोहोचणारं विमान दिसायला स्वस्त असतं, पण त्या वेळी टॅक्सीशिवाय काही उरत नाही. सर्च करताना मी दुसऱ्या टॅबमध्ये नकाशा उघडून उतरण्याच्या त्याच वेळेला ट्रेन किंवा बस आहे का ते बघते. दोन मिनिटांचं काम आहे आणि माझा सगळ्यात जास्त पैसा यानेच वाचला आहे.

टॅक्सी अ‍ॅप्सचा अनुभव एकंदरीत चांगला आहे, पण विमानतळावर त्यांचं वागणं वेगळं असतं. बॅगांच्या पट्ट्याजवळ उभं राहून अ‍ॅप उघडलं की भाडं चढलेलं दिसतं, कारण नुकत्याच उतरलेल्या दोन-तीन विमानांतली माणसं त्याच क्षणी गाडी शोधत असतात. तेव्हा मी लगेच बुक करत नाही. आधी बॅग घेते, पाणी भरून घेते, पिकअपची जागा कुठे आहे ते पाटीवर शोधते आणि मग पुन्हा बघते. गर्दीची लाट ओसरली की भाडं बहुतेक वेळा खाली येतं. दोन अ‍ॅप्स शेजारी शेजारी उघडून बघितल्याशिवाय तर बुक करूच नये. एकाच वेळी, एकाच रस्त्यासाठी दोन्हींच्या भाड्यांत चांगला फरक असतो, आणि आज जे स्वस्त ते उद्या स्वस्त असेलच असं नाही. बऱ्याच विमानतळांवर अ‍ॅपच्या गाडीला विमानतळाचं वेगळं शुल्क लागतं. अ‍ॅपने दाखवलेल्या आकड्यात ते आणि टोल धरले आहेत का, हे भाड्याच्या तपशिलात आधीच बघून घ्यावं.

सरकारमान्य टॅक्सीची रांग मात्र नेहमीच महाग असते असं समजू नका. काही शहरांत विमानतळापासून शहरापर्यंतचं भाडं ठरवून दिलेलं आहे. पॅरिसचे शार्ल द गोल आणि ऑर्ली, न्यूयॉर्कच्या जेएफकेपासून मॅनहॅटन, रोमचं फ्युमिचिनो, माद्रिदचं बाराखास, इथे अशी ठरावीक भाड्याची सोय आहे. पाऊस असो, संप असो, सणाची गर्दी असो, ते भाडं मागणीप्रमाणे वाढत नाही. अ‍ॅपचं भाडं चढलेलं असताना मी सरळ त्या रांगेत उभी राहते. टर्मिनलच्या आत कोपऱ्यात येऊन ‘टॅक्सी हवी का’ असं विचारणाऱ्यांबरोबर मात्र कधीच जात नाही.

पहाटेच्या विमानासाठी गाडी आधी ठरवून ठेवायची असेल, तर त्या सोयीचा अर्थ नीट वाचा. काही ठिकाणी चालक आधीच नक्की होतो आणि भाडंही बांधलं जातं. काही ठिकाणी ती फक्त ठरल्या वेळी आपोआप जाणारी विनंती असते, आणि तेव्हा जवळपास चालक नसला तर तुम्ही फुटपाथवर बॅगेसकट उभे. मी हे नियम वाचूनच अ‍ॅप निवडते. विमानतळावरून न्यायला आधी ठरवलेली गाडी पाठवणाऱ्या एका ट्रान्सफर कंपनीने मला उलट्या दिशेने त्रास दिला. विमान उशिरा उतरलं, चालक तोवर निघून गेला होता आणि कंपनीने पैसे परत द्यायला साफ नकार दिला. तेव्हापासून ट्रान्सफर घेताना फ्लाइट नंबर देता येतो का, आणि उतरल्यानंतर किती वेळ फुकट थांबतात, या दोन गोष्टी पक्क्या केल्याशिवाय पैसे भरत नाही. आणखी एक सोपी गोष्ट म्हणजे हॉटेलला ईमेल करून विमानतळाची शटल आहे का ते विचारणं. बुकिंग साइटवर तिचा उल्लेख नसला तरी काही हॉटेलांकडे ती असते.

आता हॉटेल. इथे सगळ्यात आधी हे समजून घ्यावं की वेगवेगळ्या वाटणाऱ्या साइट्स बऱ्याचदा एकाच घरच्या असतात. बुकिंग डॉट कॉम, अगोडा, प्राइसलाइन आणि कायाक एकाच समूहाच्या. एक्सपीडिया, हॉटेल्स डॉट कॉम, ऑर्बिट्झ आणि ट्रॅव्हलॉसिटी दुसऱ्या. स्कायस्कॅनर ट्रिप डॉट कॉमच्या समूहात. चार साइट्स बघितल्या म्हणजे चार दुकानं फिरून झाली असं होत नाही. म्हणून मी प्रत्येक समूहातली एक साइट बघते आणि मग हॉटेलची स्वतःची वेबसाइट.

साइट्स हॉटेलांकडून कमिशन घेतात, ते सर्वसाधारणपणे १५ टक्के किंवा त्याहून जास्त असतं. तेवढी जागा थेट सौद्यात मोकळी असते, विशेषतः लहान, स्वतंत्र हॉटेलांत. साइटवर लावलेल्या भावापेक्षा कमी भाव स्वतःच्या वेबसाइटवर दाखवू नये, अशी अट पूर्वी बऱ्याच करारांत असायची. २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्याखाली बुकिंग डॉट कॉम ‘गेटकीपर’, म्हणजे जादा बंधनं लागू होणारी बडी कंपनी, ठरली आणि तिकडे ही अट मागे पडली. मी काय करते, तर साइटवर हॉटेल शोधते, अलीकडच्या पाहुण्यांची मतं वाचते आणि मग हॉटेलला दोन ओळींचा ईमेल करते: अमुक तारखा, अमुक खोली, थेट बुक केल्यास काय देऊ शकाल? दर वेळी भाव उतरत नाही, पण नाश्ता, उशिरा चेक-आउट किंवा बरी खोली हे बऱ्याचदा मिळतं. मोठ्या साखळी हॉटेलांत तर थेट बुकिंगला वेगळंच वजन आहे. त्यांचे पॉइंट्स सहसा बाहेरच्या साइटवरून केलेल्या बुकिंगला मिळत नाहीत, आणि मॅरियट, हिल्टन, आयएचजी या साखळ्या दुसरीकडे कमी भाव दाखवला तर जुळवून घेण्याची योजनाही चालवतात. तिचे नियम कडक आहेत: तीच खोली, त्याच तारखा, तीच रद्द करण्याची अट. तरीही स्क्रीनशॉट काढून अर्ज करावा, फायदा होतो.

माझ्या मते सगळ्यात उपयोगी सवय आहे ती फुकट रद्द होणाऱ्या दराची. असा दर थोडा जास्त असतो, पण तो घेऊन ठेवला की भाव खाली येतो का हे निवांत बघत बसता येतं. जायच्या आधीच्या आठवड्यात इतरांची बुकिंग्स रद्द होऊन खोल्या मोकळ्या होतात, आणि हॉटेल त्या कधी कधी कमी भावात सोडतं. मग नवं बुकिंग आधी, जुनं रद्द नंतर, हा क्रम कधी बदलू नये. रद्द करण्याची मुदत हॉटेलच्या स्थानिक वेळेप्रमाणे मोजली जाते, म्हणून मी कॅलेंडरमध्ये एक दिवस आधीची आठवण लावते. ‘एकच खोली शिल्लक’ हा लाल अक्षरांतला मजकूर वाचून घाई करू नये. ती त्या साइटकडे असलेल्या खोल्यांपैकी शेवटची असते, हॉटेलातली शेवटची असेलच असं नाही.

शेवटच्या पानावर उगवणाऱ्या शुल्कांचा मला मनापासून राग येतो. रिसॉर्ट फी (हॉटेलातल्या सोयींच्या नावाने लावलेलं सक्तीचं शुल्क), साफसफाईचं शुल्क, शहराचा कर, जो कधी कधी काउंटरवर रोख मागतात. अमेरिकेत मे २०२५ पासून हॉटेलांनी अनिवार्य शुल्कांसह पूर्ण किंमत आधीच दाखवावी असा नियम लागू झाला आहे. विमान तिकिटांसाठी युरोपात २००८ च्या नियमावलीनुसार टाळता न येणारे सगळे कर धरूनच भाव दाखवावा लागतो. जिथे असं बंधन नाही तिथे फिल्टरमध्ये ‘एकूण किंमत’ निवडावी आणि क्रम पुन्हा लावून बघावा. वर दिसणारं हॉटेल कधी कधी पार खाली जातं.

तिकिटांबद्दल थोडंच सांगते, कारण इथल्या बऱ्याच युक्त्या ऐकीव आहेत. अमुक वारी बुक केलं तर स्वस्त, खासगी विंडो उघडली तर स्वस्त, यातलं काही माझ्या वापरात खरं ठरलं नाही. भाव हलतात ते आसनांच्या भाडेगटांमुळे, म्हणजे एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या भावांच्या गटांत विकल्या जातात म्हणून. स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चौघांसाठी शोधलं, तर साइट बहुधा चौघांनाही वरच्या गटाचा भाव लावते. म्हणून घरच्यांचं तिकीट काढताना मी आधी एका माणसासाठी शोधते, मग दोघांसाठी. भाव वेगळा दिसला तर दोन भागांत बुक करते, आणि विमान कंपनीला दोन्ही बुकिंग्स एकमेकांशी जोडायला सांगते. भावाची सूचना देणारी सोय, गूगल फ्लाइट्सची असो वा दुसरी कुठली, लावून ठेवावी. तारखा मोकळ्या असतील तर महिन्याचा तक्ता बघावा. एका दिवसाने मागेपुढे सरकणं हाच खरा उपाय आहे.

आणि शोधलं कुठेही तरी पैसे शक्यतो विमान कंपनीकडेच भरते. एजंट साइटवर थोडे पैसे वाचतात खरे, पण बदल करायचा झाला की कंपनी म्हणते एजंटकडे जा आणि एजंट म्हणतो कंपनीकडे जा. माझं एक रद्द झालेलं विमान अशाच एका एजंट साइटकडे अडकलं, आणि परतावा महिनोन्‌महिने हलेना. थेट बुकिंगला काही ठिकाणी कायद्याचाही आधार आहे. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या किंवा तिथल्या अंतर्गत विमानाचं तिकीट निघायच्या किमान ७ दिवस आधी कंपनीकडून घेतलं, तर कंपनीला २४ तास विनादंड रद्द करू द्यावं लागतं, नाहीतर पैसे न घेता २४ तास भाव राखून ठेवावा लागतो. एजंटवर तसं बंधन नाही. तिकीट कुठूनही घेतलेलं असो, युरोपीय संघातून निघणारं विमान कंपनीच्या दोषाने ३ तास किंवा जास्त उशिरा पोहोचलं, तर २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमाखाली अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो भरपाई मागता येते. ती स्वतः कंपनीच्या फॉर्मवर मागावी. भरपाई मिळवून देणाऱ्या मध्यस्थांना त्यातला मोठा वाटा जातो.

परदेशात कार्ड मशीनवर किंवा बुकिंगच्या पानावर ‘तुमच्या चलनात पैसे भरायचे का?’ असा प्रश्न येतो. तिथे नेहमी स्थानिक चलन निवडते. आपल्या चलनाचा पर्याय घेतला की विनिमय दर समोरचा ठरवतो आणि त्यात त्याचा नफा मिसळलेला असतो. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांप्रमाणे ही निवड ग्राहकाचीच आहे. काउंटरवरच्या माणसाने न विचारता आपलं चलन दाबलं, तर पावतीवर सही करण्याआधी व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगावं. मी सांगते, आणि आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.