व्हो-ल-व्हिकाँत: हर्क्युलिसपर्यंत चालणार असाल तरच

मुलं पॅरिसला नोकरीला असली की सोलापूरच्या आईबाबांच्या यादीत व्हर्साय ठरलेलं असतं. राजवाडा बघायचा तर जरूर बघा. पण बाग बघायची असेल आणि हातात एकच दिवस असेल, तर तो व्हो-ल-व्हिकाँतच्या वाड्याला द्या. पॅरिसच्या आग्नेयेला सुमारे 55 किलोमीटरवर, शेतीच्या पट्ट्यात ही जागा आहे. बाग 33 हेक्टरची, म्हणजे आपल्या हिशेबात ऐंशी एकरांच्या थोडी वर. गर्दी व्हर्सायच्या मानाने किरकोळ.

इतिहास थोडक्यात. चौदाव्या लुईचा अर्थकारभारी निकोला फुके याने 1656 ते 1661 या काळात हा वाडा उभा केला. वास्तू लुई ल व्होची, सजावट शार्ल ल ब्रँची, बाग आँद्रे ल नोत्रची. 17 ऑगस्ट 1661 ला इथे राजासाठी मेजवानी झाली आणि तीन आठवड्यांच्या आत फुके गजाआड गेला. मेजवानीचा थाट राजाच्या डोळ्यांत खुपला, ही कथा सगळीकडे ऐकायला मिळते. खरं तर त्याला उचलायचं त्याआधीच ठरत आलं होतं. पुढे हेच तिघे व्हर्सायच्या कामाला लागले, आणि इथले पुतळे व संत्र्याची झाडंही तिकडे गेली.

आता मुद्द्याचं. वाड्याच्या मागच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की सगळी बाग समोर उलगडलेली दिसते: नक्षीचे वाफे, गोल हौद, चौकोनी हौद, त्याला लागूनच कमानींची दगडी भिंत, मागे हिरवा चढ आणि माथ्यावर हर्क्युलिसचा सोनेरी पुतळा. बहुतेक लोक इथे फोटो काढतात, पहिल्या हौदापर्यंत जातात आणि परततात. इथेच ते फसतात. ल नोत्रने लांबचे हौद जवळच्यांपेक्षा मोठे केले आहेत आणि जमीन टप्प्याटप्प्याने खाली नेली आहे, त्यामुळे अंतर आहे त्यापेक्षा बरंच कमी वाटतं. चौकोनी हौदाच्या कडेला पोचलात की जमीन एकदम खाली जाते आणि पायऱ्यांवरून अजिबात न दिसलेला, सुमारे एक किलोमीटर लांबीचा कालवा आडवा येतो. आंकय नावाची छोटी नदी वळवून तो केला आहे. हौदाला चिकटलेली वाटणारी ती कमानींची भिंत प्रत्यक्षात कालव्याच्या पलीकडे आहे! आणि पलीकडे जाऊन मागे वळलात की अलीकडच्या काठाखाली लपलेले धबधब्यांचे टप्पे दिसतात. वाड्यातून ते दिसूच शकत नाहीत.

चौकोनी हौदापाशी आणखी एक काम करा. पलीकडच्या कडेला, बरोबर मध्यरेषेवर उभे राहून मागे बघा. वाडा बराच लांब असूनही पाण्यात उलटा दिसतो. शाळेतला आपाती कोन आणि परावर्तन कोनाचा नियम, बाकी काही नाही. फक्त वारा नको, म्हणून सकाळी जाणं बरं. बाग वाड्याच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे पायऱ्यांवरून काढलेले फोटो उन्हाविरुद्ध येतात, हर्क्युलिसकडून वाड्याचे काढलेले छान येतात.

कालवा मध्येच ओलांडता येत नाही, टोकाला वळसा घालावा लागतो. हे न कळल्याने वेळ चुकतो. जाऊन येऊन किमान तीन किलोमीटर आणि दोन तास धरा, वाडा बघायला वेगळा दीड तास. मधल्या वाटा पांढरट खडीच्या, सावली फक्त दोन्ही कडांच्या झाडांखाली. सोलापूरच्या उन्हाची सवय आहे म्हणून टोपी घरी ठेवू नका, खडीवरची तिरीप डोळ्यांना त्रास देते. कोल्हापुरी चपलेत खडे शिरतात, बूटच घाला. गुडघे दुखत असतील तर विजेवर चालणारी छोटी गाडी भाड्याने मिळते. चालवणाऱ्याने परवाना जवळ ठेवावा. व्हीलचेअर खडीवर ढकलणं जिकिरीचं आहे.

वाड्यालगतचे नक्षीचे वाफे चादरीच्या धंद्यातल्या माणसाने मुद्दाम थांबून बघावेत. जकार्ड मागावर उतरवावी तशी वेलबुट्टी, डावी बाजू उजवीचं प्रतिबिंब. मात्र जुन्या फोटोंतली हिरवी नक्षी मनात धरून जाऊ नका. ती बॉक्सवुडच्या छाटलेल्या झुडपांची होती, 1920 च्या दशकात आशिल द्युशेन या बागरचनाकाराने नव्याने लावलेली. बुरशी आणि पानं फस्त करणारी पूर्व आशियातल्या पतंगाची अळी, या दोन्हींनी ती संपवली. 2019 मध्ये झुडपं काढून त्या जागी ॲल्युमिनियमच्या चकचकीत पट्ट्यांची नक्षी बसवली. आम्हाला ती थोडी भडक वाटते, पण मेलेल्या फांद्यांपेक्षा बरी.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. आत उपाहारगृह आहे, पण शाकाहारी माणसाला पर्याय कमी. शेंगाचटणी-कडक भाकरी आत शिरण्याआधीच आटपून घ्यावी.

जायचं कसं: पॅरिसच्या गार द लिऑन स्टेशनावरून आर लाइनची लोकल मलँ स्टेशनापर्यंत, थेट गाडी असेल तर अर्धा तास. पुढचे सहाएक किलोमीटर टॅक्सीने, आणि टॅक्सी आधी सांगून ठेवा, स्टेशनाबाहेर रिक्षास्टँडसारखी रांग मिळेल या भरवशावर राहू नका. शटल बस ठराविक दिवशीच असते. वाडा खाजगी मालकीचा आहे, त्यामुळे पॅरिस म्युझियम पास चालत नाही. हिवाळ्यात बराच काळ बंद असतो.

मे ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत शनिवारी संध्याकाळी हजारो मेणबत्त्या लावतात. तिकीट काढण्याआधी सूर्यास्त बघा. जूनमध्ये तिथे रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे मेणबत्त्यांना रंग चढेपर्यंत परतीच्या गाडीची वेळ झालेली असते. सप्टेंबरच्या मध्याला आठलाच अंधार पडू लागतो, तो शनिवार धरा. परतीची टॅक्सी मात्र जाताना त्याच ड्रायव्हरशी बोलून पक्की करा.