स्लो कुकर की प्रेशर कुकर?

मैत्रिणीला दोन्हींपैकी एकच घ्यायचाय, म्हणून सांगते. भिजवलेली कडधान्यं प्रेशर कुकरमध्ये अर्ध्या तासात शिजतात. स्लो कुकरला सहा-आठ तास लागतात, पण वॅट कमी, त्यामुळे वीज बेताचीच जाते.

स्वस्तातलं चिवट मांस मात्र स्लो कुकरनेच करावं. चमचा लावताच हाडापासून सुटतं.

राजम्याला जपा! रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात 10 मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय स्लो कुकरमध्ये टाकूच नका. मंद आचेवर त्यातलं विषारी द्रव्य जात नाही.

टिकाऊपणा? प्रेशर कुकरची रबरी रिंग बदलावी लागते, स्लो कुकरचं तापलेलं सिरॅमिक भांडं गार पाण्याने तडकतं.

दिवसभर बाहेर असाल तर स्लो कुकर घ्या. आयत्या वेळी स्वयंपाक ठरत असेल तर प्रेशर कुकरच.